लोडशेडिंगचे चाहते

लाइट गेल्यावर मनापासून आनंद होणारी माणसं महाराष्ट्रात दोनच. एक इन्व्हर्टर विकणारा आणि दुसरा मी. अख्खी सोसायटी बाल्कनीत येऊन 'तुमच्याकडची पण गेली का?' असं एकमेकांना विचारत असते, तेव्हा मी हातात स्टीलचा डबा घेऊन गच्चीकडे निघालेला असतो. डब्याच्या झाकणातून दीड मीटरची सळई वर आलेली, बुडातून हेडफोनची वायर लोंबतेय. लिफ्ट बंद, म्हणून जिन्याने. वॉचमन सुरुवातीला अडवायचा. आता तो नुसता बाजूला सरकतो आणि कुणी विचारलंच तर शांतपणे सांगतो, "काका वीज ऐकायला गेलेत."

त्याचं बरोबर आहे. वीजच ऐकायला जातो, पण आकाशातली. आणि आकाशातली ऐकायची असेल तर घरातली गेलेली असावी लागते.

वीज चमकते तेव्हा उजेड दिसतो, मग गडगडाट येतो, इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच क्षणी रेडिओलहरीही बाहेर पडतात, आणि त्यांचा जोर असतो तो काही किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. आकाशवाणीच्या मीडियम वेव्हच्याही कितीतरी खाली. गंमत अशी, की माणसाचा कान वीस हर्ट्झपासून वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे आकडे जवळपास तेच. फरक एवढाच की कानाला हवेची थरथर लागते आणि ही थरथर विद्युतचुंबकीय. त्यामुळे नेहमीच्या रेडिओतली स्टेशन लावण्याची आणि लहरीवरून गाणं सोलून काढण्याची भानगड इथे नाहीच. तार घ्या, अॅम्प्लिफायर लावा, हेडफोन कानाला. जगभरात दर सेकंदाला सरासरी चाळीस-पंचेचाळीस विजा चमकत असतात, त्यामुळे हे केंद्र अखंड चालू आहे. निवेदक नाही, प्रायोजक नाही, श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं नाहीत.

कार्यक्रम काय असतो? हेडफोन लावल्याबरोबर ऐकू येते ती तापल्या तेलात पडलेली मोहरी. तड, तड, तडतड, मग जरा गप्प, मग पुन्हा एकदम मूठभर. यातला एकेक तडाका म्हणजे कुठल्या तरी समुद्रावर, हजारो किलोमीटरवर चमकलेली वीज. जाणकार याला स्फेरिक म्हणतात. आमच्या घरी याला 'तुमचं ते तडतडणं' म्हणतात.

सूर्य मावळला की प्रकार बदलतो. दिवसा आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा थर या लहरी गिळत असतो, रात्री तो विरतो. मग जमीन आणि वरचा थर यांच्यामधल्या फटीत लहरी खालीवर आपटत येतात आणि त्यांच्यातले १.७ किलोहर्ट्झच्या आसपासचे सूर बाकीच्यांच्या मागे रेंगाळतात. तडाक्याऐवजी ऐकू येतं 'च्युंव'. याचं नाव ट्वीक. याचा हिशेब फार गोड आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, त्याला १७०० च्या दुपटीने, म्हणजे ३४०० ने भागा. उत्तर येतं ८८ किलोमीटर. ही झाली आयनोस्फिअरची उंची, गच्चीवर मांडी घालून मोजलेली. आमच्या इमारतीची उंची बिल्डरचा कागद आणि प्रत्यक्ष यांत आजवर जुळलेली नाही, पण आभाळाच्या छताची जुळते.

आणि मग तो, ज्याच्यासाठी सगळे झुरतात. व्हिसलर. विजेची काही लहर आयनोस्फिअर भेदून वर निसटते, पृथ्वीच्या चुंबकीय रेषेला धरून हजारो किलोमीटर अंतराळात जाते आणि दुसऱ्या गोलार्धात उतरते. वाटेत वरचे सूर पुढे धावतात, खालचे मागे पडतात. निघताना जो कडाका होता त्याची पोचेपर्यंत सेकंद-दोन सेकंदांची उतरती शिट्टी होते. केंब्रिजमधल्या ओवेन स्टोरी या संशोधक विद्यार्थ्याने १९५३ साली हा मार्ग उलगडला आणि त्या उंचीवर कुणाच्या कल्पनेत नव्हते इतके इलेक्ट्रॉन आहेत हेही त्या शिट्टीवरून सांगितलं. त्या वेळी अजून एकही उपग्रह वर गेलेला नव्हता. पुढे १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ ने गुरू ग्रहाजवळ अशाच शिट्ट्या टिपल्या, तेव्हा तिथेही विजा कडाडतात हे कळलं. आपल्या अक्षांशावर मात्र चुंबकीय रेषा फार ठेंगण्या, त्यामुळे शिट्टी दुर्मीळ. वाराणसी, नैनिताल, गुलमर्ग इथल्या संशोधकांनी ती नोंदवलेली आहे. महाराष्ट्रात बसून तिची वाट पाहणाऱ्याला घरचे लोक जे म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

या छंदाचे मूळपुरुष पाहिले की हेवा वाटतो. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या बेलचा सहायक थॉमस वॉटसन. १८७६-७७ च्या सुमारास बॉस्टनमध्ये बेलच्या प्रयोगशाळेतून सुमारे अर्धा मैल लांबीची तार टाकलेली होती. दिवसा बेलसाहेबांचं काम, रात्री वॉटसन त्या तारेला कान लावून बसे आणि कुठून तरी येणारे कडाके, खरखर, चिवचिव ऐकत राही. हे सूर्यावरचे स्फोट असतील, नाहीतर दुसऱ्या ग्रहावरून कुणी बोलत असेल, असे त्याचे तर्क. दुसऱ्या बाजूने बोलायला फोनच अजून फार जणांकडे नव्हते हे लक्षात घेतलं तर त्याने ग्रहांपर्यंत पोचणं स्वाभाविक आहे. पण त्याचं खरं भाग्य वेगळंच. न्यूयॉर्कमध्ये एडिसनने वीजकेंद्र सुरू केलं ते १८८२ साली. म्हणजे वॉटसन ऐकत होता तेव्हा त्याच्या गावात ना विजेच्या तारा, ना मीटर, ना फ्रिज. सगळं शहर आमच्या भाषेत 'क्लीन'.

दुसरे पुरुष जर्मनीचे हाइनरिक बार्कहाउझेन. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या खंदकांतले टेलिफोन चोरून ऐकण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्या फोनचा प्रवाह जमिनीतून परत यायचा, म्हणून यांनी जमिनीत लांब लांब दोन सळया खोवल्या आणि मधे अॅम्प्लिफायर लावला. अपेक्षा होती फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हुकुमांची. ऐकू आल्या शिट्ट्या. सैनिक म्हणू लागले, तोफगोळे उडताना ऐकू येतायत. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये बार्कहाउझेननी ही हकीकत छापली. सरकारी खर्चाने आकाश ऐकणारा माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल विशेष आदर आहे.

आता बांधणीकडे येऊ. हा रिसीव्हर बांधायला लागणारं सामान हेडफोन वगळता तीन-चारशे रुपयांत येतं. ते मिळवताना जी करमणूक होते तिचे पैसे कुणी घेत नाही. मूळ अडचण अशी, की दोन किलोहर्ट्झची लहर दीडशे किलोमीटर लांब असते. रस्त्याने मुंबई ते पुणे होतं तेवढी. तिला पकडायला आपल्याकडे दीड मीटरची सळई. एवढ्याशा सळईवर जे काही येतं ते इतकं नाजूक असतं की साध्या अॅम्प्लिफायरला जोडलं तर तिथल्या तिथे जिरून जातं. म्हणून पहिल्या पायरीला एफईटी जातीचा ट्रान्झिस्टर लागतो, जो सिग्नलकडून जवळपास काहीच मागत नाही, आणि त्याच्या दाराशी दहा मेगओहमचा रेझिस्टर. पुढे एखादं ऑपॅम्प, शेवटी हेडफोन चालवायला एलएम ३८६, आणि नऊ व्होल्टची बॅटरी. बॅटरीच. अडॅप्टर लावणाऱ्याला या पंथात प्रवेश नाही.

तर हा एफईटी आणायला पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानात गेलो.

"बीएफ दोनशे पंचेचाळीस आहे?"

"बंद झाला."

"जे तीनशे दहा?"

"तोही बंद. किती हवेत?"

"एक."

दुकानदाराने तोवर मोबाईलमधून डोकं काढलेलं नव्हतं, ते आता काढलं. एक ट्रान्झिस्टर मागणारा माणूस त्याने बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा.

"कशाला हवाय?"

"वीज ऐकायला."

"ऐकायला?" तो उठला, मागच्या खणातून एक धुळकट पुडी काढली आणि त्यातला एक माझ्यापुढे ठेवला. "घेऊन जा. वडलांच्या वेळचा आहे. चालला तर सांगा, वडलांना सांगतो."

सर्किट ज्या डब्यात बसवायचं तो धातूचा हवा, म्हणजे आजूबाजूची लुडबुड आत शिरत नाही. यासाठी परदेशातले छंदिष्ट अॅल्युमिनियमच्या महागड्या पेट्या मागवतात. मराठी घरात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा असताना हे करणं पाप आहे. माझ्या रिसीव्हरवर सासूबाईंचं नाव आणि आमच्या लग्नाची तारीख कोरलेली आहे.

"अहो, तूरडाळीचा डबा कुठे गेला?"

"त्याला अँटेना बसवलीय."

"मग डाळ कशात ठेवू? रेडिओत?"

यावर उत्तर नसतं. असलं तरी देऊ नये. या डब्याची खुबी अशी की तो हातात धरावा लागतो. सळईला जोडीला जमीन हवी, आणि ती भूमिका धरणाऱ्याचं शरीर करतं. डबा खाली ठेवला की आवाज बसतो, उचलला की उठतो. श्रोता सर्किटचा भाग झाल्यामुळे त्याला मधेच चहाला उठता येत नाही.

एवढं सगळं झाल्यावर, शेवटची झाळ थंड झाल्यावर, दिवाणखान्यात डबा सुरू केला की काय ऐकू येतं? गुर्रर्र. सतत, जाड, निर्लज्ज गुर्रर्र. आपल्या घराघरांतून पन्नास हर्ट्झची वीज वाहते, तिचाच हा घोरण्याचा आवाज. पन्नास एकटा असता तर गाळून टाकता आला असता. पण त्याच्या मागे शंभर, दीडशे, दोनशे अशी सगळी भावंडं रांगेत, पार काही किलोहर्ट्झपर्यंत. गाळायला गेलं तर आकाशही त्यांच्याबरोबर गळून जातं. शिवाय एलईडी दिव्यांची चिरचिर, मोबाईल चार्जरची कुरकुर, शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरचं कण्हणं. जुने डब्बा टीव्ही होते तेव्हा त्यांची १५,६२५ हर्ट्झची एक बारीक सुई कानात टोचायची. ते टीव्ही गेले याबद्दल हळहळणाऱ्यांत मी नाही.

म्हणून सांगतो, रिसीव्हर बांधणं हा या छंदातला किरकोळ भाग. खरा छंद म्हणजे विजेपासून पळणं. आणि या पळण्याला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे.

मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं ते प्रसिद्ध चुंबकीय वादळ कुलाब्याच्या नोंदीत सापडतं आणि जगभरचे शास्त्रज्ञ आजही ती नोंद काढून बघतात. मग मुंबईत विजेची ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने चुंबकाच्या सुया नाचू लागणार हे उघड होतं. आता शहरापुढे प्रश्न, ट्राम की सुई? मुंबईने अर्थातच ट्राम निवडली आणि वेधशाळेने अलिबागची वाट धरली. नानाभाई मूस हे तेव्हाचे संचालक. १९०४ मध्ये अलिबागला काम सुरू झालं, इमारतीत लोखंड वर्ज्य. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या जुळवल्या गेल्या, म्हणजे पुढे कुणी 'तुमची सुई अलिबागला गेल्यावर बिघडली' असं म्हणायला नको. विजेची पहिली ट्राम मुंबईत धावली १९०७ साली. तोवर सुया समुद्रापलीकडे सुखरूप. 'अलिबागसे आया है क्या' असं कुणाला वेडा ठरवायला म्हणणाऱ्या मुंबईकराला माझं सांगणं आहे की ट्राम केव्हाच भंगारात गेली, अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे.

दुसरं उदाहरण जुन्नर तालुक्यातलं खोडद. गोविंद स्वरूप यांनी प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण तिथे उभारली, त्यामागे जी कारणं होती त्यांतलं एक म्हणजे तिथली रेडिओ-शांतता. त्यांच्या लहरी मीटरभराच्या, माझ्या शंभर किलोमीटरच्या, एवढा फरक सोडला तर आमचं दुखणं एकच. विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांनी त्यांनाही छळलंय. फक्त त्यांच्याकडे अभियंते आहेत आणि माझ्याकडे डाळीचा डबा.

खोडदच्या आसपास शांतता असते हे कळल्यावर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि एक निवृत्त फिजिक्सचे मास्तर, त्याच तालुक्यातल्या एका माळावर रात्री जाऊन उभे राहिलो. माळ उत्तम होता. झाडं कमी, कारण झाड सळईवर सावली धरतं. मास्तरांना टेरिकॉटचा शर्ट बदलायला लावला होता, कारण कपड्यांच्या घर्षणाचे तडाकेसुद्धा हेडफोनमध्ये येतात. सळईजवळून उडणारा किडासुद्धा त्याच्या अंगावरच्या भारामुळे ऐकू येतो. वाऱ्याने वाळलेलं गवत हललं की ऐकू येतं. आकाश शेवटी ऐकू येतं, बाकी सगळ्यांचं झाल्यावर.

पण त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आलं ते टक्. एक सेकंद. टक्. एक सेकंद. टक्. मास्तर हरखले. "इतकं नियमित? निसर्गात?" मलाही क्षणभर थॉमस वॉटसन आठवला आणि दुसरा ग्रह आठवला. तेवढ्यात बॅटरीचा झोत अंगावर आला.

"काय पाव्हणं, काय हुडकताय?"

"विजांचा आवाज ऐकतोय. आकाशातल्या."

"आन् मग तारंपासनं लांब ऱ्हावा. झटका मशीन चालू हाये. रानडुकरं येत्यात."

तो दुसरा ग्रह शेजारच्या मक्याच्या वावरात होता. कुंपणाच्या तारेला सेकंदा-सेकंदाला झटका देणारं यंत्र.

शेतकरी दारं धरायला आला होता. शेतीची थ्री फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे शिवारातल्या सगळ्या मोटारी मध्यरात्री सुरू, आणि ट्वीक ऐकायची वेळ नेमकी तीच. यात कुणाचा दोष नाही. ज्याला रात्री दोनला थंडीत, बिबट्याच्या भीतीत पाणी धरावं लागतं त्याच्यासमोर 'तुमच्या मोटारीने आमचं आयनोस्फिअर बिघडलं' असं म्हणायची माझी तरी छाती नाही. त्याने मात्र हेडफोन मागून घेतला.

"तडतडतंय की! कुटं पडत्यात ह्या इजा?"

"लांब. समुद्रावर. इंडोनेशियाच्या बाजूला असतील."

"मंजी आपल्याकडं पाऊस?"

"नाही, याच्यावरून तसं नाही सांगता येत."

त्याने हेडफोन काढून मास्तरांच्या हातात दिला. "मंग उपेग काय त्याचा?"

मास्तरांनी पस्तीस वर्षं शाळेत हाच प्रश्न ऐकलेला. ते तयारीचे होते. त्यांनी ८८ किलोमीटरचा भागाकार बॅटरीच्या उजेडात मातीवर काठीने करून दाखवला. शेतकऱ्याने तो नीट पाहिला, बाकी बरोबर उरली का हेही पाहिलं आणि म्हणाला, "पाच मिण्टं मोटार बंद करतो. तेवडं ऐका. जास्त न्हाय." त्याने खरोखर बंद केली. गुर्रर्र थोडं उतरलं, आणि त्याच्या पलीकडे च्युंव, च्युंव, च्युंव. बाकीच्या शिवारातल्या मोटारी चालूच होत्या, पण तेवढं बास होतं. मग त्याने आम्हालाच चहा पाजला.

हल्ली या छंदाला एक सभ्य शाखाही फुटली आहे. लाकडी चौकटीवर तारेचे वेढे गुंडाळायचे, ते कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाला जोडायचे आणि पाणबुड्यांसाठी चालवलेल्या केंद्रांची ताकद नोंदवत बसायचं. आपल्या नौदलाचं असं केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे, आयएनएस कट्टबोम्मन, १८.२ किलोहर्ट्झवर. सूर्यावर मोठी ज्वाळा उठली की आयनोस्फिअर बदलतं आणि पडद्यावरची रेघ एकदम वळते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने शाळा-कॉलेजांसाठी असे संच काढले आहेत. मुलांना चांगलं आहे, घरात बसून होतं. आमच्या वयाच्या कानांना अठरा किलोहर्ट्झ ऐकू येणं केव्हाच बंद झालंय, आणि रेघ बघायची तर वीज लागते. ते आमच्या पंथात बसत नाही.

तेव्हा वाचकांना विनंती. आपल्या माहितीत एखादं उघडं माळरान असेल, जिथून विजेची तार निदान एक-दोन किलोमीटर लांब आहे, पंप नाही, झटका मशीन नाही, सोलर इन्व्हर्टर नाही आणि रात्री दोन वाजता दोन म्हातारे डबा धरून उभे असले तर मालकाची हरकत नाही, तर जरूर कळवावं. वीज, पाणी आणि रस्ता यांपैकी पहिली गोष्ट तिथे नाही याची आधी खात्री करून घ्यावी. उरलेल्या दोन नसल्या तरी चालतील. जेवण आम्ही बरोबर आणू. आणि पाहुणे येणार म्हणून कृपा करून जनरेटर लावू नये.